येलदरीचं पाणी हंसांना कोणी दाखवलं?

आधी एक कोडं. जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं. त्याआधी तिथे पूर्णा नदी होती, नदीकाठची गावं होती, शेतं होती. आज नजर पोचत नाही इतक्या दूरवर पसरलेलं पाणी मात्र नव्हतं. तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा, त्यांच्यापैकी कुणाला धरणाचं काम चालू असल्याचं आठवतही असेल.

आता गंमत बघा. तिबेट, लडाख, मंगोलिया अशा उंच, थंड मुलखात पिल्लं वाढवणारा एक हंस आहे, पट्टकादंब. हिवाळा आला की तो हिमालय ओलांडून खाली येतो आणि मराठवाड्यातल्या मोठमोठ्या धरणांच्या पाण्यावर मुक्काम करतो. त्याच्याकडे ना नकाशा, ना मोबाइल. मग माणसांनी अवघ्या पन्नास-साठ वर्षांपूर्वी अडवलेलं पाणी त्याला सापडलं कसं?

उत्तर मिळेल, पण त्यासाठी पहाटे उठावं लागेल. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आहे. थंडीच्या बातम्यांत परभणीचं नाव हमखास येतं हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा स्वेटर घाला. पण लाल किंवा पिवळा नको. मातकट, हिरवट, करडा असा कुठलाही चालेल. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. वही आणि पेन्सिल मात्र पाहिजेच.

येलदरी लांब पडत असेल तर जवळचं पाणी शोधा. सेलूकडच्यांना निम्न दुधना आहे, गंगाखेडकरांना मासोळी आहे, जिंतूरकरांना करपरा. पाथरी-सोनपेठच्या बाजूला गोदावरीवर ढालेगाव, मुदगल हे बंधारे आहेत. आणि गावाबाहेरचा पाझर तलाव? तोही चालेल. बगळे आणि टिबुकल्या तिथेही भेटतात.

पाण्यावरचे पक्षी बघायला बरेच जण डिसेंबर-जानेवारीत जातात. मला मात्र हिवाळा सरतानाचे हे दिवस जास्त आवडतात आणि त्याला कारण आहे. पावसाळा संपतो तेव्हा धरण तुडुंब असतं. येलदरीत पूर्ण भरल्यावर ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, आता करा हिशेब! पण हे पाणी एका जागी थांबत नाही. धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं वीजघर आहे, तिथली चाकं फिरवून ते खाली हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात जातं. तिथून कालव्यांनी शेतांत. गहू, हरभरा, ज्वारी यांना पाळ्या दिल्या जातात आणि धरणातलं पाणी हळूहळू उतरत जातं. कडेची जमीन उघडी पडते. शेतकरी त्या ओल्या गाळावर पीक घेतात, त्याला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. आणि जिथे गाळ संपतो, पाणी सुरू होतं, तिथे बोटभर, वीतभर, हातभर खोलीचा एक लांबच लांब पट्टा तयार होतो.

हाच तो काठ. आजची सगळी सकाळ आपल्याला ह्याच पट्ट्यावर नजर ठेवायची आहे. तुडुंब धरणाला असा उथळ काठ फारसा नसतो, पक्षी खोल पाण्यावर दूर पांगलेले असतात. आता पाणी मागे सरकलं, त्यातले किडे, शंखगोगलगायी, छोटे मासे उथळ जागी गोळा झाले.

काठावर पोचलो की सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी तो पूर्वेला, म्हणजे आपण पूर्वेकडच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. नाहीतर सगळे पक्षी नुसते काळे दिसतील. आणि पळायचं नाही. मागे एकदा काठावर जाळं आवरत बसलेले एक भोईमामा मुलांना म्हणाले होते, "लेकरांनो, सरळ पाखरांच्या अंगावर जाऊ नका. तिरपं तिरपं चाला, मधी मधी बसा. तुमी भ्या वाटंल असं नाई वागले तर ते बी उडत नाईत." पक्षी बघण्याचा याहून चांगला धडा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

चला, आता कोरड्याकडून ओल्याकडे जाऊ. जिथे पायाखाली नुसता ओलसर गाळ आहे तिथे शेपटी सारखी वर-खाली हलवत धोबी फिरतोय. जरा पुढे, चिखलावर पाण्याचा नुसता पापुद्रा आहे तिथे चिमणीपेक्षा थोडा मोठा कंठेरी चिखल्या दिसेल. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. त्याची चाल नीट बघा. तुरुतुरु धावतो, एकदम थांबतो, टोच मारतो. पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे आहेत. तो भक्ष्य बघून पकडतो आणि नीट दिसावं म्हणून थांबतो.

त्याच्या शेजारी तुतवार आणि त्याचे भाऊबंद आहेत. ह्यांच्यातल्या काहींची रीत अगदी उलटी. लांब चोच चिखलात खुपसत, उपसत, खुपसत ते पुढे सरकतात. गाळाच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसणारच नाही, म्हणून त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या बारीक पेशींचे पुंजके असतात. किडा हलला की चोचीला कळतं. एकाच चिखलात दोघं जेवतात, पण एक वरचं बघून खातो आणि दुसरा आतलं चाचपून. भांडणाला फारसं कारणच उरत नाही.

पाणी वीतभर झालं की तिथे शेकाट्याचं राज्य. काळे पंख, पांढरं अंग आणि गुलाबी पाय. पाय इतके लांब की उडताना ते शेपटीच्या कितीतरी मागे लोंबत राहतात. त्याच्याही पुढे चमचा नावाचा मोठा पांढरा पक्षी चालतोय. त्याची चोच टोकाला पसरट, गोलसर. ती किंचित उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी फिरवत पुढे जातो. चोचीच्या आत काही लागलं की ती मिटते.

पण चोच मिटण्यात सगळ्यात पटाईत कोण म्हणाल, तर चित्रबलाक. पिवळी जाड चोच, नारिंगी डोकं, शेपटीजवळ गुलाबी पिसं. गुडघाभर पाण्यात तो चोच अर्धवट उघडून ठेवतो आणि पायाने गाळ ढवळतो. घाबरलेला मासा पळत सुटतो, चोचीच्या पात्यांना घासतो, आणि खट्ट! ह्याच्या अमेरिकेतल्या जवळच्या नातलगावर शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, १९६३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी करकोच्याचे डोळे झाकले आणि त्याला मासे असलेल्या पाण्यात सोडलं. डोळे झाकलेले असूनही तो मासे पकडत राहिला! मासा लागल्यापासून चोच मिटेपर्यंत वेळ किती? सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग. तुमची पापणी मिटायलासुद्धा याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आपल्या भागातलं धरणाचं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. काळ्या मातीचा प्रदेश आहे आपला. गढूळ पाण्यात डोळ्यांवर अवलंबून राहणारा उपाशी राहील, स्पर्शावर जगणारा पोट भरेल. काठावर उभे राहून कुठला पक्षी बघून खातो आणि कुठला चाचपून, एवढं जरी तुम्ही वहीत टिपलंत तरी सकाळ सत्कारणी लागली म्हणून समजा.

पुढे पाणी खोल होत जातं आणि पाय टेकवणारे संपतात. आता पोहणारे. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका असलेला वारकरी शेकड्यांनी दिसेल. त्याच्या पायांना बदकासारखा अखंड पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळ्या गोलसर पाळ्या असतात. पाय मागे ढकलला की पाळ्या पसरतात, पुढे ओढला की मिटतात. थापट्या बदकाची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद असते. तिच्या दोन्ही कडांना आतून बारीक दात्यांची रांग आहे. चोच पाण्यावर टेकवून तो सरकत जातो, पाणी बाहेर पडतं आणि बारीक जीव व बिया आत अडकतात. कधी कधी पाच-पन्नास थापटे एकामागून एक गोल गोल पोहताना दिसतात. पुढच्याने ढवळलेलं मागच्याच्या चोचीत जातं. तलवार बदक वेगळंच काही करतं. डोकं खाली, शेपटी वर. लांब मानेने ते तळापर्यंत पोचतं, वर फक्त टोकदार शेपूट हलत राहते.

आणि सगळ्यांच्या पलीकडे, खोल पाण्यात बुडी मारणारे पाणकावळे. बुडी मारून आला की हा खडकावर किंवा वाळक्या झाडावर बसून पंख पसरतो. त्याची बाहेरची पिसं पाण्याने भिजतात. बदकांसारखी ती पाणी झटकून टाकत नाहीत. भिजल्यामुळे त्याला बुडणं सोपं जातं, पण नंतर वाळत बसावं लागतं.

आता जरा मधल्या बेटाकडे बघा. ऊन अंगावर आल्यावर बदकांचा एक घोळका पाण्यावर डुलक्या काढतोय. दुर्बीण असेल तर कडेच्या बदकाचा डोळा शोधा. बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा दिसला तर चकित होऊ नका. ते खरंच झोपलेलं असू शकतं! १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बदकं ओळीने ठेवून त्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. ओळीच्या मधली बदकं दोन्ही डोळे मिटून झोपत होती. कडेची बदकं मात्र बऱ्याचदा बाहेरचा डोळा उघडा ठेवत आणि त्या वेळी त्यांचा अर्धा मेंदू झोपलेला, अर्धा जागा असे. धोक्याची चाहूल घ्यायला अर्धा मेंदू पुरतो. इथे धोका कसला, असं वाटत असेल तर वर बघा. दलदल हारीण नावाचा शिकारी पक्षी काठावरून खालून खालून घिरट्या घालत असतो. तो आला की सगळा काठ एकदम उठतो.

आणि मग ऐकू येतो तो आवाज. आँग, आँग, असा नाकातून काढल्यासारखा. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्याच्या मागे दोन काळे आडवे पट्टे. हेच पट्टकादंब. रात्री आणि पहाटे ते काठच्या कोवळ्या गवतावर, कधी हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतातही चरतात. दिवसा पाण्याजवळ विसावतात. वजन दोन-तीन किलो. एवढासा पक्षी हिमालय ओलांडतो कसा?

शास्त्रज्ञांनी त्यांच्या पाठीवर छोटी उपकरणं बसवून त्यांचा प्रवास मोजला. सर्वांत जास्त उंची नोंदली गेली ती ७,२९० मीटर. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. एकावर एक चार कळसूबाई रचल्या तरी हंस त्यांच्या वरूनच जाईल. तिथल्या प्रत्येक श्वासात इथल्या निम्म्याहून कमी ऑक्सिजन मिळतो. गिर्यारोहक तिथे दोन पावलं टाकली की थांबतात आणि हा पंख मारत जातो.

त्याचं पहिलं गुपित सगळ्याच पक्ष्यांकडे आहे. आपण श्वास घेतो तो फुप्फुसात जातो आणि त्याच वाटेने परत येतो. ताजी हवा आणि वापरलेली हवा थोडीफार मिसळतेच. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. आत घेतलेल्या हवेतली बरीचशी आधी मागच्या पिशव्यांत जाते, मग फुप्फुसातून, मग पुढच्या पिशव्यांत आणि तिथून बाहेर. एक घोट हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात, पण फुप्फुसातून हवा नेहमी एकाच दिशेने वाहते. म्हणून श्वास घेतानाही ताजी, सोडतानाही ताजी.

दुसरं गुपित खास ह्या हंसाचं. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन इतर हंसांपेक्षा किंचित वेगळं आहे आणि विरळ हवेतूनही ऑक्सिजन पटकन पकडून धरतं. तिसरं गुपित हुशारीचं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मंगोलियातून निघालेल्या हंसांच्या अंगातल्या उपकरणांनी त्यांच्या हृदयाचे ठोके आणि उंची दोन्ही नोंदवली होती. ते एकदाच उंच चढून तिथेच उडत राहत नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की खाली उतरतात. पुन्हा चढायचे कष्ट पडले तरी चालतात, कारण खालच्या दाट हवेत पंख मारायला मेहनत कमी लागते. शिवाय अवघड चढ ते बऱ्याचदा रात्री आणि पहाटे पार करतात. तेव्हा हवा थंड आणि म्हणून जास्त दाट असते.

मंगोलियात संशोधक काही हंसांच्या गळ्यात अक्षर-आकडे लिहिलेले पट्टे घालतात. असे पट्टेवाले हंस भारतातल्या तलावांवर, आपल्या महाराष्ट्रातही दिसले आहेत. म्हणून तुम्हाला कधी पट्टा दिसलाच तर रंग आणि त्यावरचं सगळं नीट वाचून लिहून घ्या. हा हंस कुठून आला, हे तुमच्या वहीतून शास्त्रज्ञांना कळेल.

आता कोड्याचं उत्तर. पुष्कळ छोटे पक्षी एकटेच स्थलांतर करतात, दिशा त्यांना जन्मतःच कळते. हंसांचं तसं नसतं. पिल्लं पहिल्या हिवाळ्यात आईबापांबरोबर उडतात, वाटेत कुठे उतरायचं, कुठे खायचं, कुठे धोका आहे हे बघून शिकतात. पुढे मोठी झाली की तीच वाट आपल्या पिल्लांना दाखवतात. आता विचार करा. १९६८ नंतरच्या कुठल्यातरी हिवाळ्यात गोदावरीच्या खोऱ्यावरून उडताना एखाद्या कुटुंबाला खाली नवं पाणी चमकताना दिसलं असेल. ते उतरले असतील. काठावर कोवळं गवत मिळालं, कुणी दगड मारला नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, पिल्लांसह. ह्या पहिल्या हंसांना कोणी पाहिल्याची नोंद मला माहीत नाही. पण हंस कसे शिकतात हे माहीत असल्यामुळे असंच घडलं असावं, असं मला वाटतं. एका पिढीने पाहिलं आणि पुढच्यांना सांगितलं. आपल्या इंजिनिअरांनी काढलेल्या नकाशातलं पाणी तिबेटातल्या एका कुटुंबाच्या आठवणीत जाऊन बसलं.

फेब्रुवारीच्या शेवटी हंसांसारख्या सगळ्या पाहुण्या पक्ष्यांना निघायची घाई सुटते. त्यांना तारीख कशी कळते? थंडी कमी-जास्त होत राहते, तिच्यावर भरवसा नाही. दिवस मात्र ठरल्याप्रमाणे मोठा होतो. डिसेंबरच्या अखेरीस परभणीत दिवस साधारण ११ तासांचा असतो, फेब्रुवारीच्या अखेरीस त्यात साधारण ४५ मिनिटांची भर पडलेली असते. पक्षी हा उजेड मोजतात, आणि तोही फक्त डोळ्यांनी नाही! १९३० च्या दशकात फ्रान्समधले शास्त्रज्ञ झाक बेनुआ यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळ्यांशिवायही बदकांच्या शरीराला उजेड कळतो. कवटीतून आत झिरपणारा उजेड मेंदूच्या खोल भागातल्या पेशी ओळखतात. उजेड वाढला की शरीर कामाला लागतं. भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते. तीच प्रवासाची शिदोरी.

आता कळलं ना, भोईमामा तिरपं चाला का म्हणाले? थवा विनाकारण उडवला की प्रत्येक पक्ष्याची थोडी थोडी चरबी खर्च होते. ती परत भरायला पुन्हा तासन् तास चरायचं.

परतीच्या वाटेवर उभ्या ज्वारीच्या शेताकडेही एक नजर टाका. गुलाबी अंग आणि काळं डोकं असलेल्या भोरड्यांचे थवे एकदम वळतात, खाली कोसळतात, पुन्हा उठतात. कणसं खातात म्हणून शेतकरी गोफण फिरवतात, आणि त्यांचा राग मला समजतो. पण ह्याच भोरड्या थोड्या दिवसांत मध्य आशियात परततील आणि तिथे टोळ-नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतील. तिकडचा शेतकरी त्यांची वाट बघत असतो.

घरी आल्यावर वहीतली नोंद पक्की करा. जागा, तारीख, वेळ, पक्षी, किती. मोठा थवा असेल तर दहा पक्षी किती जागा व्यापतात ते बघा आणि त्या मापाने पुढचा थवा मोजा. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभरचे लोक आपापल्या भागातले पक्षी मोजतात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणतात त्याला. भारतही २०१३ पासून त्यात आहे. पंधरा मिनिटं मोजलं तरी नोंद धरतात, तेव्हा पुढच्या वर्षीसाठी शाळेतल्या सरांना किंवा बाईंना आत्ताच सांगून ठेवा.

मार्च सरेल, हंस गेलेले असतील, पण काठ रिकामा होणार नाही. पाणी आणखी उतरून मधली बेटं उघडी पडली की पिवळ्या चोचीचा नदी सुरय तिथल्या उघड्या वाळूत अंडी घालतो. काठावरच्या माळावर टिटवीही तेच करते. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा, अंडी खड्यांच्या रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एप्रिलच्या उन्हात ती शिजून जायला हवीत. पण टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. तेव्हा त्या दिवसांत बेटावर उतरू नका. काठावरूनच एखादी टिटवी हेरा आणि घड्याळ लावून बसा. ती तासाभरात किती वेळा पोट भिजवायला जाते, आणि भर दुपारी हा आकडा वाढतो का, ते मोजून मला नक्की कळवा.